बाकी विशेष काही नाही

नमस्कार. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? येतंय, बरं. मग खुर्च्या सरकवणं थांबवा म्हणजे मलाही माझं ऐकू येईल.

मला विषय दिलाय 'माझं वाचन'. असा विषय दिला की लोकांना वाटतं, आता ही बाई जाडजूड पुस्तकांची नावं घेणार आणि आपण घरी जाऊन त्यातलं एकही वाचणार नाही. तर आधीच सांगून टाकते, जाडजूड पुस्तकं मीही वाचते, पण समोर एकीकडे एखादी गाजलेली कादंबरी असेल आणि दुसरीकडे कुणा अनोळखी माणसानं स्वतःबद्दल लिहिलेली चार पानं, म्हणजे घर बदललं तेव्हा काय काय झालं, पहिल्या नोकरीचा पहिला दिवस, बहिणीशी झालेलं भांडण वगैरे, तर माझा हात आधी त्या चार पानांकडे जातो, आणि हे मी साधेपणाचा आव आणून सांगत नाहीये, मला खरंच त्यात जास्त मजा येते. कादंबरी काय, उद्याही तिथेच असणार आहे.

लोक विचारतात, काय असतं त्यात एवढं? सगळ्यांचं सारखंच तर असतं. जन्म, शाळा, लग्न, नोकरी, आजारपण, झालं. आणि मजा म्हणजे लिहिणाऱ्यालाही तसंच वाटत असतं. कुणालाही म्हणा, तुमच्याबद्दल लिहा ना काहीतरी, तर पहिलं उत्तर ठरलेलं, अहो आमच्या आयुष्यात काय आहे लिहिण्यासारखं. पूर्वी पत्राच्या शेवटी लिहायचे ना, बाकी विशेष काही नाही, आणि मग ताजा कलम करून खाली जे दोन ओळीत कोंबलेलं असायचं तीच पत्रातली खरी बातमी असायची. तसलाच प्रकार.

मी अशा गोष्टी वाचते त्या त्यातल्या मुख्य गोष्टीसाठी नाही. मुख्य गोष्ट बहुतेक वेळा खरंच सामान्य असते, तिथे लोकांचं बरोबर आहे. मी वाचते ते सांगणाऱ्याच्या हातून सांगता सांगता जे निसटतं त्याच्यासाठी. एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलेलं वाचलं होतं, अख्खं नोकरीचं आयुष्य, कुठल्या साली कुठली बढती, कुठल्या साहेबांनी पाठ थोपटली, सगळं तारीखवार आणि खरं सांगू का, अतिशय कंटाळवाणं. पण मध्येच एक वाक्य होतं, की पहिल्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं तेव्हा घाबरून मी वडिलांचं नाव सांगितलं. बस, एवढंच. पुढच्या वाक्यात ते पुढच्या बढतीवर गेले पण. मी मात्र तिथेच अडकले, कारण त्या एका वाक्यात तो मुलगा, ते वडील, ती भीती, घरात नाव सांगायचा मान कुणाचा होता ते, सगळं होतं, आणि त्या गृहस्थांना पत्ताही नाही की त्यांनी ते सांगितलंय. बढत्यांबद्दल त्यांनी जे काय लिहिलं होतं ते मी आता पूर्ण विसरलेय.

हे काही आजकालचं नाही. आपल्याकडे आत्मचरित्र हा प्रकार इंग्रजांनी आणला असं आपण सर्रास म्हणतो, आणि 1641 साली आग्र्याला एक जैन व्यापारी बसून पद्यात स्वतःचं आयुष्य लिहून काढतो. बनारसीदास त्यांचं नाव. पुस्तकाचं नाव 'अर्धकथानक', म्हणजे अर्धी गोष्ट, कारण माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं धरलं तर आपली आत्ता 55 झाली, उरलेलं नंतर बघू, असा हिशोब. व्यापारी शेवटी. नंतरचं राहिलंच, कारण त्यानंतर ते फार जगले नाहीत. हा माणूस कुणी राजा नाही, सेनापती नाही, आणि गंमत म्हणजे व्यापारीसुद्धा धड नाही, धंद्यात सारखा बुडतो आणि ते बिनदिक्कत लिहितो.

तर यात 1605 सालची एक हकिकत आहे. बनारसीदास तेव्हा एकोणीस वर्षांचे, जौनपूरला, घरात जिन्यावर बसलेत आणि बातमी येते की बादशहा अकबर गेला. ऐकून त्यांना घेरी येते, ते जिन्यावरून पडतात आणि डोकं फुटतं, रक्त यायला लागतं, आई धावत येऊन जखमेत कापड जाळून भरते. तिकडे गावात घबराट, लोकांनी दुकानं बंद केली, दागिने पुरले, चांगले कपडे लपवून जाडेभरडे घातले, म्हणजे लूटमार झालीच तर आपण गरीब दिसावं म्हणून. मग दहाएक दिवसांनी पत्र येतं की जहांगीर गादीवर बसलाय, सगळं ठीक आहे, की लोक परत आपापल्या कामाला. आता अकबर गेल्याचं शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे. पण मोठा राजा जातो तेव्हा एका घरात काय होतं, तर एक पोरगा जिन्यावरून पडतो, हे कुठल्या बखरीत मिळणार? आणि आईनं जखमेला काय लावलं हे सांगायची तर काही गरजच नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ते आठवलं म्हणून त्यानं लिहिलं.

पुस्तकाच्या शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष अशी यादीच दिलीय. त्यात एक कबुली अशी आहे की एकटा असलो की मी कधीकधी नाचतो. ज्यांची नऊ मुलं झाली आणि नऊच्या नऊ गेली असा हा माणूस. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि घरात होते त्या सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवलं. वाचलेलं असं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही, त्याच्याकडे नंतर येते.

मराठीत हे कुणी केलं म्हटलं तर मी डोळे झाकून लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेईन. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली, आणि 1936 मध्ये त्या गेल्या, म्हणजे हे सगळं म्हातारपणी लिहिलेलं. शाळा अशी नाही, लिहायला वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवरा मोठा कवी, पुढे तो ख्रिस्ती झाला आणि त्या काळात त्याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. एवढं सगळं आयुष्यात घडलेलं असताना बाई सुरुवात कुठून करतात, तर वडिलांच्या सोवळ्यापासून. आईच्या वडिलांना 1857 च्या धामधुमीत फाशी झालेली, त्याचा धसका वडिलांच्या मनात असा काही बसला की त्याचं सोवळं झालं, बाहेरून घरात येईल ती वस्तू धुवायची, मीठसुद्धा धुवायचं. आता मीठ धुतल्यावर उरतं काय! पण लक्ष्मीबाई त्यावर रडत नाहीत आणि वडिलांना झोडपतही नाहीत, त्या ते सांगतात असं की आपल्याला आधी हसू येतं आणि मग दोन पानं पुढे गेल्यावर कळतं की त्या घरात लहान मुलं काय भोगत असतील. हसू आधी आणि दुखणं नंतर, हा क्रम लिहायला बसून जमवता येत नाही. ज्यानं ती गोष्ट घरात वर्षानुवर्षं तोंडानं सांगितलेली असते त्यालाच तो येतो. मी लिहिणारी आहे, मला विचाराल तर मराठी वाक्य कसं असावं हे मी त्या पुस्तकावरून शिकले, कुठल्या व्याकरणावरून नाही.

आता जरा लांब जाऊ. इटलीत तोस्काना भागात पिएव्हे सांतो स्तेफानो नावाचं एक छोटं गाव आहे. 1944 साली जर्मन सैन्यानं माघार घेताना हे गाव सुरुंग लावून उडवलं, जवळजवळ सगळं. पुढे 1984 मध्ये साव्हेरिओ तुतिनो नावाच्या एका पत्रकारानं तिथे असं संग्रहालय काढलं की ज्यात फक्त सामान्य माणसांच्या डायऱ्या, पत्रं आणि आठवणी ठेवायच्या. नामवंतांच्या नाही हं, कुणाच्याही. तुमच्या कपाटात पडलंय ते पाठवा. आणि लोकांनी पाठवलं, हजारोंनी पाठवलं, अजून पाठवतात. दरवर्षी त्यातल्या एकाला बक्षीस असतं आणि त्यासाठी आधी गावातली आणि आजूबाजूची माणसं ते सगळं बसून वाचतात. मला एखादी नोकरी कुणी देणार असेल तर ती हीच द्यावी.

तिथे एक चादर आहे. क्लेलिया मार्की नावाची शेतकरी बाई, नवरा 1972 मध्ये अपघातात गेला, त्यानंतर तिला रात्री झोप येईना म्हणून ती लिहायला लागली, लिहिता लिहिता घरातले कागद संपले, तर तिनं कपाटातून लग्नातली दुहेरी चादर काढली आणि त्याच्यावर लिहायला सुरुवात केली. अख्खं आयुष्य, वरपासून खालपर्यंत, ओळीखाली ओळ. चादर नवऱ्याबरोबर तर आता वापरायची नव्हती, मग लिहायला घेतली, असं तिचं साधं कारण. मग ती चादर घेऊन बाई त्या संग्रहालयात आल्या. आज ती तिथे मांडून ठेवलीय. मला विचाराल तर कुणी मोठ्या कलावंतानं चादरीवर आयुष्य लिहायचं ठरवलं असतं ना, तर मला राग आला असता. इथे येत नाही, कारण इथे कागद खरंच संपला होता.

त्याच संग्रहालयातला दुसरा माणूस मला त्याहून जास्त आवडतो. व्हिन्चेन्झो राबितो, सिसिलीतला, 1899 चा जन्म. शाळा जवळजवळ नाही, अक्षरं स्वतःच कशीबशी शिकलेली. पहिलं महायुद्ध, मग आफ्रिका, दुसरं महायुद्ध, आणि पुढे रस्त्याच्या देखभालीचं काम. निवृत्त झाल्यावर 1968 मध्ये त्यानं स्वतःला एका खोलीत कोंडून घेतलं आणि टाइपरायटरवर आपलं आयुष्य बडवायला सुरुवात केली. सात वर्षं. पानं झाली 1,027. समास नाही, दोन ओळीत जागा नाही, परिच्छेद नाही, आणि प्रत्येक शब्दानंतर अर्धविराम. प्रत्येक! म्हणजे मी अर्धविराम काल अर्धविराम बाहेर अर्धविराम गेलो अर्धविराम, असं हजार पानं. शुद्धलेखनाचं तर नावच सोडा, अर्धी सिसिलियन आणि अर्धी स्वतःची अशी भाषा. 1981 मध्ये तो गेला, बाड घरात पडून राहिलं, शेवटी मुलानं ते त्या संग्रहालयाकडे पाठवलं आणि 2000 साली त्याला तिथलं बक्षीस मिळालं, 2007 मध्ये पुस्तक आलं. पुस्तक करताना खूप कापावं लागलं, साहजिक आहे, पण भाषा तशीच ठेवली. आणि ज्यांनी वाचलं ते सगळे हेच म्हणतात की सुरुवातीला डोकं फिरतं आणि मग हळूहळू त्याचा आवाज कानात बसतो आणि नंतर बाकीचं सगळं लेखन गुळगुळीत वाटायला लागतं.

मला त्या अर्धविरामांबद्दल खूप प्रेम आहे. हा माणूस कष्टकरी, त्याला एकेक शब्द वेगळा दिसायला हवा होता, एक ठेवला की मग दुसरा. ते चूक म्हणून कुणी काढून टाकले की तो माणूस गेला.

आणि आपण काय करतो? आपल्याकडे कुणी असं काही लिहून आणलं की पहिलं काम, लाल पेन काढायचं. हे वाक्य पुन्हा आलंय, इथे प्रमाण शब्द घाला, हा प्रसंग विषयाला सोडून आहे, आणि शेवटी काहीतरी संदेश हवा. संदेश! विष्णुभट गोडशांचं उदाहरण घ्या. वरसईचे गरीब भिक्षुक, दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके 1857 च्या गदारोळात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून बघितला. परत आल्यावर कित्येक वर्षांनी सगळं लिहून काढलं. ते 1907 साली 'माझा प्रवास' म्हणून छापलं गेलं, पण छापणाऱ्यांनी, म्हणजे चिंतामणराव वैद्यांनी, त्यात बराच फेरफार केला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्या वेळी इंग्रज सरकार होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांनी छापलं नसतं तर कदाचित आपल्याला ते कळलंही नसतं, त्यामुळे उपकारच आहेत. पण मूळ मोडी हस्तलिखितावरून त्यांचं लिखाण जसंच्या तसं वाचायला मिळायला 1966 साल उजाडावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ते केलं. तोपर्यंत साठ वर्षं लोक गोडसे म्हणून जे वाचत होते त्यात वैद्य किती आणि गोडसे किती हे कुणी सांगावं.

म्हणून माझ्याकडे कुणी काही लिहिलेलं आणलं की मी एवढंच बघते की वाचताना कुठे अडखळायला होतंय, आणि तेही विचारून. आजी म्हणाल्या असतील 'त्या दिशी', तर 'त्या दिवशी' करायचा मला काय अधिकार? काही लोक लिहिताना एकदम वेगळ्याच भाषेत शिरतात, बोलताना छान बोलतात आणि कागद समोर आला की 'माझ्या जीवनातील अविस्मरणीय क्षण' सुरू. अशा वेळी मी म्हणते, लिहू नका, फोनवर मला बोलून पाठवा, मी उतरवून घेते. मग बघा काय मजा येते.

आता एक शंका नेहमी येते, ती तुमच्याही मनात आली असेल, की हे सगळं खरं कशावरून? माणसं विसरतात, वाढवून सांगतात, स्वतःला सोयीचं तेवढंच ठेवतात. बरोबर आहे. 1986 मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात नायसर आणि हार्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे कळली, कुणाकडून कळली, तेव्हा तुम्ही काय करत होता. अडीचेक वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा तेच विचारलं. तर त्यांच्यातल्या चौथा हिस्सा लोकांचं एकूण एक उत्तर आधीपेक्षा वेगळं. आणि वर खात्री केवढी! त्यांचाच जुना कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण काही परत आली नाही. म्हणजे खोटं कुणी बोलत नव्हतं, आठवणच बदलली होती.

हे वाचल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलटच झालं. एक तर त्यातून कळतं की जे झालंय ते लवकर लिहून ठेवा, आठवेल नंतर असं म्हणू नका. आणि दुसरं म्हणजे मी काही कोर्टात बसलेली नाही. एखादा माणूस वीस वर्षांनी सांगताना पाऊस पडत होता म्हणतो आणि त्या दिवशी पाऊस नव्हताच, तर मला त्याला खोटं पाडायचं नाहीये, मला प्रश्न पडतो की ह्याला तिथे पाऊस का हवा होता. अर्थात त्यातून कुणावर आरोप होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तारीख-वार नीटच लागतात. सख्ख्या भावंडांना एकच प्रसंग वेगवेगळा विचारून बघा एकदा, मजा म्हणून. फक्त एकत्र बसवून विचारू नका.

विचारण्यावरून आठवलं. लोकांकडून गोष्टी काढायच्या कशा, हे मला बरेच जण विचारतात, म्हणजे आईवडील म्हातारे झालेत, त्यांचं काहीतरी लिहून ठेवावं असं वाटतं पण ते काही सांगतच नाहीत. तुम्ही विचारता काय पण? 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असं विचारलं तर कुणीही गप्पच बसेल, मी पण बसेन. 1937 साली इंग्लंडमध्ये 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाचा एक उद्योग तिघांनी सुरू केला, एक मानववंशशास्त्रज्ञ, एक कवी आणि एक चित्रपट करणारा, असलं त्रिकूट. त्यांना सामान्य माणूस कसा जगतो ते जमवायचं होतं. त्यांनी अभ्यासाचे जे विषय जाहीर केले त्यात काय होतं माहितीय? युद्धस्मारकापाशी लोक कसे वागतात, मोटार चालवणारे काय ओरडतात आणि कसे हातवारे करतात, न्हाणीघरातलं वागणं, आणि दाढ्या, काखा, भुवया. काखा! आणि लोकांना सांगितलं की महिन्याच्या बारा तारखेला दिवसभर जे जे होईल ते लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत. पुढे युद्ध लागल्यावर शेकडो लोकांनी त्यांना डायऱ्या पाठवल्या. त्यातल्या नेला लास्ट नावाच्या बाई, 1939 मध्ये सुरुवात केली तेव्हा वय 49, स्वतःची ओळख काय दिली तर 'गृहिणी, 49'. त्या लिहितच राहिल्या, 1966 पर्यंत. म्हणजे युद्ध संपलं, मुलं मोठी होऊन गेली, तरी बाईंचं चालूच. विशेष काही नसलेल्या बाईंचं हे लिखाण आज इतिहासवाले मांडी घालून वाचतात, कारण बॉम्ब पडल्याची नोंद सरकारकडेही असते, पण बॉम्बच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बाईनं पहिल्यांदा काय उचललं ते कुठेच नसतं.

तर आईला आयुष्याबद्दल विचारू नका. तिला विचारा की लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या वस्तू कुठे ठेवायचीस? स्वतःचं असं कपाट कधी मिळालं? वडिलांना विचारा, पहिला पगार कुणाच्या हातात दिलात आणि त्या माणसानं तो मोजला का. मग बघा. हे छोटे प्रश्न धोकादायक असतात बरं का, मोठ्या प्रश्नाला माणूस तयारीनं उत्तर देतो, छोट्याला तयारी नसते.

आता वाटण्याबद्दल. मघाशी म्हटलं की मला वाचलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही, घरचे वैतागतात, पण ही सवय मला मोडायची नाहीये, कारण माझा अनुभव असा की एक गोष्ट सांगितली की समोरून दुसरी येतेच. ते वडिलांचं नाव सांगणारं वाक्य मी जिथे जिथे सांगितलं तिथे तिथे कुणीतरी स्वतःचं काढलं. एकीनं सांगितलं की लग्नानंतर नाव बदललं होतं आणि दवाखान्यात पुकारा झाला तर ती उठलीच नाही, तिचा नंबर गेला. एकजण म्हणाला, मी मुलाखतीत घाबरून समोरच्या साहेबांनाच 'बसा' म्हणालो. हे आधी त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं असं नाही, पण सांगण्यासारखं आहे असं वाटलेलं नव्हतं. माझं वाचन बरंचसं असंच झालंय, कपाटातून कमी आणि असं उलट आलेलं जास्त.

मात्र हल्ली एक प्रकार बघते त्याचा मला कंटाळा येतो. साधा प्रसंग असतो, छान असतो, आणि शेवटी लिहिणारा त्यातून आयुष्याचा धडा काढतो. रिक्षावाल्यानं सुटे परत दिले, म्हणजे जगात माणुसकी शिल्लक आहे. अरे, दिले सुटे, त्याचा चेहरा कसा होता ते सांग ना! धडा काढला की प्रसंग संपतो, वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. आणि त्यातले बरेचसे रिक्षावाले खरे नसतात असा मला दाट संशय आहे, कारण ते सगळे एकसारखं बोलतात. खरी माणसं अशी मुद्द्याचं बोलत नाहीत.

आणि वाटण्यातली एक अडचण आहे ती सांगायलाच हवी, कारण सगळे म्हणतात शेअर करा शेअर करा, आणि हे कुणी बोलत नाही. माझी गोष्ट फक्त माझी नसते. माझ्या लहानपणात माझी बहीण आहे, माझ्या लग्नात नवरा आहे, माझ्या आजारपणात मला न भेटायला आलेली मैत्रीण आहे. ती बिचारी कशासाठी न आली तिचं तिला माहीत, ती तिची बाजू लिहायला येणार नाहीये. मग मी लिहू का? लिहावं, पण काय करावं त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. नुसती नावं बदलून भागत नाही, घरातल्यांना बरोबर कळतं कोण ते. मी पाळते ती पद्धत एवढीच, की ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी वाचायला द्यायचं, जिवंत असेल तर. तो नको म्हणाला तर लिहायचं, पण फिरवायचं नाही. बहिणीनं एका गोष्टीला असंच नको म्हटलंय. चांगली गोष्ट आहे, माझ्या मते माझी सगळ्यात चांगली, आणि मी तिला अधूनमधून विचारत असते, आता? ती म्हणते नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर मी अजून कडक आहे, त्यांना नाही म्हणता येत नाही आणि ती मोठी झाल्यावर ते सगळं वाचणार असतात. मुलाचं फजितीचं काही लिहायचं असेल तर तो वीस वर्षांचा होईपर्यंत वहीत ठेवा. तोपर्यंत तो स्वतःच सांगेल, आणि तुमच्यापेक्षा बरं सांगेल.

मेलेल्यांचं काय, हा प्रश्न मला मागच्या वेळी एकानं विचारला होता. बंगालमध्ये रासुंदरी देवी होत्या, एकोणिसाव्या शतकातल्या, बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र त्यांचं. बाईनं वाचणं म्हणजे पाप अशा घरात त्यांनी पोथीचं एक पान काढून स्वयंपाकघरात लपवलं आणि मुलाच्या लिहिण्याच्या ताडपत्राशी अक्षरं जुळवत जुळवत चोरून वाचायला शिकल्या. स्वतःची गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली म्हणून बरं. घरातल्या दुसऱ्या कुणी लिहिली असती तर हे पान त्यात आलंच नसतं, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मी एवढंच करते की मला जे दिसलं तेवढंच लिहिते, तिच्या मनात काय होतं ते लिहीत नाही. आजीच्या मनात काय होतं हे मला काय माहीत, मी तेव्हा सात वर्षांची होते आणि माझं लक्ष भलतीकडेच असायचं.

बरं, ते मागून घड्याळ दाखवतायत. खूप बोलले. आता प्रश्न विचारायची वेळ आहे असं पत्रिकेत लिहिलंय, पण प्रश्न नकोत, माझ्याकडे उत्तरं फारशी नाहीत. ते तिसऱ्या रांगेतले काका, मी नाव सांगायची गोष्ट सांगितली तेव्हापासून शेजारच्यांना काहीतरी सांगतायत आणि दोघंही हसतायत. काका, तुमच्याकडे माइक येतोय. उभं राहायची गरज नाही. नाही नाही, विशेष नसू दे, सांगा.